‘गेट’ या शब्दाशी ओळख कशी करून घ्यावी

सबटायटल लिहायच्या कामाला लागून मला जेमतेम महिना झाला होता. पडद्यावर एक लहान मुलगी सायकल शिकत होती. बाप मागून सीट धरून पळत होता, ती घाबरून ओरडत होती आणि तो धापा टाकत तिला सांगत होता, “आय’व्ह गॉट यू! आय’व्ह गॉट यू!” मी खाली मराठी ओळ लिहिली, ‘तू मला मिळाली आहेस.’ तपासणीहून फाइल परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘मी धरलंय ना!’

ती दुरुस्ती मी कितीतरी वेळ बघत बसले. शब्दकोशात मी शोधलं होतं. ‘गेट’ म्हणजे मिळणे, मिळवणे, प्राप्त करणे. यातला एकही अर्थ त्या बापाच्या तोंडी बसत नव्हता. मुलगी तर केव्हाचीच त्याची होती, ती त्याला मिळणार कुठून? तो एवढंच सांगत होता की तुझा तोल माझ्या हातात आहे.

त्या दिवशी मी शंभर पानी वही काढली आणि तिच्यावर ‘गेट’ असं लिहिलं. डाव्या पानावर ऐकलेलं इंग्रजी वाक्य आणि उजव्या पानावर त्या प्रसंगात मी स्वतः मराठीत काय बोलले असते ते. आता तिसरी वही चालू आहे. या वह्यांनी मला जे शिकवलं तेच इथे सांगते. इंग्रजी शिकणाऱ्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक याच तीन अक्षरी शब्दावर होते, आणि ती टाळता येते.

अर्थांची यादी पाठ करू नका

मोठा कोश उघडला तर ‘गेट’खाली पानभर अर्थ सापडतील. ते पाठ करून काही उपयोग नाही. बोलताना यादी आठवायला वेळ नसतो. आपल्या मराठीतलंच एक क्रियापद घ्या, ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, नाद लागतो, एखाद्याचं बोलणं मनाला लागतं आणि कुणीतरी आपला मामा लागतो. परक्या माणसाने हे अर्थ मोजायला घेतले तर तो रडकुंडीला येईल. आपल्याला कुणी ते शिकवले नाहीत, तरी आपण कधी चुकत नाही. कारण आपण ‘लागणे’ एकटं कधी ऐकतच नाही. त्याच्या आधी भूक आहे की फोन आहे यावरून सगळं ठरतं.

‘गेट’चंही तेच आहे, फक्त इंग्रजीत ठरवणारा शब्द नंतर येतो. म्हणून माझी पहिली युक्ती अशी. वाक्यात ‘गेट’ दिसला की त्याच्यावर बोट ठेवा, तो झाका, आणि पुढचं वाचा. पुढे “डार्क” असेल तर मनात आपोआप ‘अंधारून आलं’ येतं. पुढे “होम” असेल तर ‘घरी पोचलो’. पुढे “द जोक” असेल तर ‘विनोद कळला’. बोट काढायच्या आतच मराठी क्रियापद तोंडात आलेलं असतं.

या सगळ्यांच्या तळाशी एकच कल्पना आहे असं मला वाटतं. आधी जे नव्हतं ते आता झालं. वस्तू नव्हती, आली. राग नव्हता, आला. तिथे नव्हतो, पोचलो. कळत नव्हतं, कळलं. ‘गेट’ हा असा उंबरठा ओलांडण्याचा शब्द आहे. “आय अ‍ॅम टायर्ड” म्हणजे मी दमलेली आहे, ही स्थिती झाली. “आय गॉट टायर्ड” म्हणजे मी दमले, ही घडलेली गोष्ट झाली. हा फरक मनात बसला की निम्मं काम झालं.

पुढे वस्तू असेल तर

“आय गॉट अ लेटर” म्हणजे पत्र आलं. “आय गॉट अ न्यू अम्ब्रेला” म्हणजे नवी छत्री घेतली. आपणही विकत घेण्याला नुसतं ‘घेणे’ म्हणतो, तसंच हे. “गेट मी अ चेअर” म्हणजे मला एक खुर्ची आणून दे. “आय गॉट अ कोल्ड” म्हणजे सर्दी झाली. आणि दारावर थाप पडली की घरातलं कुणीतरी म्हणतं, “कॅन यू गेट द डोअर?” हे ऐकून दार कुठून आणायचं असा प्रश्न पडू देऊ नका. ‘जरा बघतेस का कोण आलंय?’ एवढंच त्याला म्हणायचं आहे. फोन वाजत असला तर “आय’ल गेट इट” म्हणजे ‘मी घेते’.

समजण्याचा अर्थही इथलाच. “आय गेट इट”, कळलं. “आय डोन्ट गेट इट”, नाही कळलं. इथे आपल्याकडची एक सवय सोडायला हवी. आपण सर्रास “आय’म नॉट गेटिंग यू” म्हणतो, कारण मराठीत ‘मला कळत नाहीये’ असं चालू काळातलं वाक्य असतं. इंग्रजी घरात वाढलेला माणूस असं म्हणत नाही. कळणं ही त्याच्या लेखी चालू राहणारी क्रिया नव्हे, म्हणून तो साधं “आय डोन्ट गेट इट” किंवा “आय डोन्ट गेट व्हॉट यू मीन” म्हणतो.

‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, आणि ती मला मराठीनेच दिली. आपल्या भावना आणि शरीराच्या अवस्था आपण ‘मला’ने सांगतो. मला राग आला. मला कंटाळा आला. मला भूक लागली. मला झोप येऊ लागली. मराठीत राग हा कर्ता आहे, तो चालत येतो, आणि मी तो झेलते. इंग्रजीत ही मांडणी उलटी होते. तिथे ‘मी’ पुढे येते आणि ‘गेट’ मध्ये बसतो: “आय गॉट अँग्री”, “आय गॉट बोअर्ड”, “आय गॉट हंग्री”, “आय गॉट स्लीपी”.

म्हणून सराव करताना इंग्रजी वाक्यापासून सुरुवात करू नका. दिवसभरात तुमच्याच तोंडून ‘मला अमुक आलं, लागलं, झालं, मिळालं’ अशी जी वाक्यं निघतात ती पकडा, आणि प्रत्येकात “आय गॉट” बसतं का ते बघा. सगळी बसत नाहीत, पण बरीच बसतात. आठवडाभर असं केलंत तर ‘गेट’ वापरायला धीर येतो.

एक जपा. “बोअर्ड” मधला शेवटचा ‘ड’ खाऊ नका, आणि त्याच्या जागी “बोअरिंग” तर मुळीच घालू नका. “आय’म गेटिंग बोअर्ड” म्हणजे मला कंटाळा येऊ लागलाय. “आय’म बोअरिंग” म्हणजे मीच कंटाळवाणी आहे. दुसरी गोष्ट उशिराची. ‘मला उशीर होतोय’ याचं आपण “आय’म गेटिंग लेट” करतो. आपल्यात ते चालून जातं. पण बाहेरच्या माणसाशी बोलताना “आय’म रनिंग लेट” म्हणा. “इट्स गेटिंग लेट” हे वाक्य मात्र बरोबर आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे: बराच वेळ झालाय, आता निघायला हवं.

पुढे विशेषण असेल तर

राग, कंटाळा हे या गटातलेच. “गेट” अधिक विशेषण म्हणजे आपलं ‘होणे’. म्हातारं होणं, ओलं होणं, बरं होणं. आणि “गेटिंग” आलं की आपलं ‘होत चाललंय’. “हर इंग्लिश इज गेटिंग बेटर” म्हणजे तिचं इंग्रजी सुधारत चाललंय. ‘चाललंय’ हा शब्द इतका नेमका बसतो की मला दुसरा शोधावाच लागत नाही.

पण ‘होणे’ दिसलं की डोळे मिटून ‘गेट’ लावायचा नाही. ‘तो डॉक्टर झाला’ याचं “ही गॉट अ डॉक्टर” केलंत तर अर्थ होतो, त्याने डॉक्टर मिळवला, म्हणजे बोलावून आणला. माणूस कुणीतरी बनतो तेव्हा “बिकेम” लागतं. आंधळं होणं, बहिरं होणं, टक्कल पडणं अशा ठिकाणी इंग्रजी “गो” वापरतं. रंग बदलला तर “टर्न” किंवा “गो”. याला नियम शोधत बसू नका, वहीत टिपत जा.

पुढे ठिकाण असेल तर

इथे ‘पोचणे’. “व्हेन डिड यू गेट टू द स्टेशन?” स्टेशनला कधी पोचलीस? ठिकाणाआधी “टू” लागतो. पण “होम”, “हिअर”, “देअर” यांच्याआधी लागत नाही. आपणही ‘घरी पोचलो’, ‘इथे पोचलो’ म्हणतो, ‘घराला पोचलो’ म्हणत नाही. तेवढं लक्षात ठेवलं की “गेट टू होम” ही चूक होत नाही.

गाड्यांचं गणित सोपं आहे. ज्यात शिरल्यावर उभं राहता येतं, चालता येतं, त्यासाठी “गेट ऑन” आणि “गेट ऑफ”: बस, आगगाडी, विमान, मोठं जहाज. ज्यात वाकून शिरावं लागतं त्यासाठी “गेट इन” आणि “गेट आउट ऑफ”: मोटार, टॅक्सी, छोटी होडी. ज्यावर टांग टाकून बसतात, सायकल किंवा घोडा, त्यालाही “गेट ऑन”.

केस कुणी कापले?

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा मी केस कापून कामावर गेले. एक परदेशी सहकारी म्हणाली, छान दिसतायत. मी आनंदाने सांगितलं, “थँक यू, आय कट माय हेअर येस्टरडे.” तिचे डोळे मोठे झाले. “युअरसेल्फ?” मी हो म्हणाले, कारण मला वाटलं ती विचारतेय, तुझेच ना. पुढची पाच मिनिटं ती मला मागचे केस आरशात न बघता कसे कापलेस ते विचारत होती आणि मला तिचा एकही प्रश्न उमगत नव्हता.

चूक इंग्रजीच्या व्याकरणाची नव्हती, वाक्य निर्दोष होतं. फरक दोन भाषांच्या स्वभावात आहे. मराठीत ‘मी केस कापले’, ‘मी घर रंगवलं’, ‘मी दात काढला’ असं आपण बेलाशक म्हणतो. ऐकणाऱ्याला कळतं की कात्री, ब्रश आणि चिमटा दुसऱ्याच्या हातात होता. कुणी फारच काटेकोर असेल तर ‘कापून घेतले’, ‘रंगवून घेतलं’ म्हणेल. इंग्रजीत हा काटेकोरपणा ऐच्छिक नाही. काम दुसऱ्याने केलं असेल तर तसं सांगावंच लागतं, आणि सांगायचा साचा असा: “गॉट”, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. “आय गॉट माय हेअर कट.” “वी गॉट द हाउस पेंटेड.” “शी गॉट हर टूथ पुल्ड.”

शब्दांचा क्रम बघा. वस्तू मध्ये येते. “आय गॉट कट माय हेअर” हे वाक्य होत नाही. आपण मराठीच्या क्रमाने ‘केस कापून घेतले’ असा विचार करतो, म्हणून क्रियापदं जवळजवळ ठेवायचा मोह होतो. म्हणून मोठ्याने म्हणून बघा: काय, मग काय केलेलं. केस, कापलेले. घर, रंगवलेलं. मोबाइल, दुरुस्त केलेला. “आय गॉट माय फोन रिपेअर्ड.” हा क्रम कानात बसेपर्यंत दहा-बारा वाक्यं रोज मोठ्याने म्हणा. मी महिनाभर म्हणत होते.

हाच साचा कधीकधी न ठरवता घडलेल्या गोष्टीलाही चालतो. “आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर”, माझं बोट दारात चेंगरलं. तिथे कुणी करवून घेतलं नाही हे ऐकणाऱ्याला प्रसंगावरून समजतं.

वस्तू मध्ये नसेल आणि “गॉट”नंतर थेट तिसरं रूप आलं, तर ती गोष्ट कर्त्यावरच गुदरलेली असते. “ही गॉट फायर्ड”, त्याला कामावरून काढलं. “वी गॉट लॉस्ट”, आम्ही रस्ता चुकलो. “डिड यू गेट पेड?”, पैसे मिळाले का? यात बसलेला दणका नुसत्या “वॉज”मध्ये येत नाही. “हिज कार वॉज स्टोलन” ही बातमी झाली. “हिज कार गॉट स्टोलन” म्हणताना बोलणारा चुकचुकतोय हे ऐकू येतं. प्रश्न आणि नकार करताना “डिड” आणि “डिडन्ट” लागतात हे विसरू नका: “आय डिडन्ट गेट इन्व्हायटेड.”

लग्नाचं वाक्यही इथलंच. “शी गॉट मॅरीड” म्हणजे तिचं लग्न झालं. “शी इज मॅरीड” म्हणजे ती विवाहित आहे. आणि लग्न ‘कुणाशी’ झालं ते सांगताना आपल्याला “विथ” सुचतं, पण तिथे “टू” लागतं.

कुणाकडून काम करवणं

“आय गॉट हर टू कम” म्हणजे मी तिला यायला राजी केलं. यात थोडं मन वळवणं आहे, थोडा पाठपुरावा आहे. “आय मेड हर कम” म्हणजे यायला भागच पाडलं. “आय हॅड हर कॉल देम” म्हणजे तिला फोन करायला सांगितला आणि तिने केला, तिचं ते कामच होतं. “टू” फक्त “गॉट”बरोबर येतो. “मेड” आणि “हॅड”नंतर तो येत नाही.

हा साचा निर्जीव वस्तूंनाही लागतो आणि तिथे तो फार गोड वाटतो. “आय कान्ट गेट धिस लॅपटॉप टू स्टार्ट.” याला मी लिहिते, ‘हा लॅपटॉप काही केल्या सुरूच होत नाही.’ त्या ‘काही केल्या’त सगळं मन वळवणं आलं.

एका ‘व्ह’ने पालटणारा अर्थ

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

“आय गॉट टू मीट हर.”
“आय’व्ह गॉट टू मीट हर.”

पहिलं म्हणजे, मला तिला भेटायला मिळालं. दुसरं म्हणजे, मला तिला भेटलंच पाहिजे. पहिल्यात संधी आहे आणि ती मिळून गेली. दुसऱ्यात गरज आहे आणि भेट अजून व्हायचीय. मराठीचं ‘करायला मिळणे’ आणि इंग्रजीचं “गेट टू” एकमेकांवर तंतोतंत बसतात, म्हणून पहिला साचा आपल्याला फारसा जड जात नाही: “आय नेव्हर गेट टू स्लीप लेट”, मला कधी उशिरापर्यंत झोपायलाच मिळत नाही.

अडचण अशी की बोलताना तो ‘व्ह’ गिळला जातो. “आय गॉट टू गो” असं ऐकू आलं, किंवा “आय गॉटा गो”, तर बहुतेक वेळा अर्थ ‘मला निघायलाच हवं’ हाच असतो. एकदा एका दृश्यात एक मुलगी फोन ठेवता ठेवता तेच म्हणाली आणि मी लिहून बसले होते, ‘मला जायला मिळालं.’ पाठवायच्या आधी दृश्य पुन्हा बघितलं. तिने फोन ठेवला आणि पर्स उचलली, तेव्हा कळलं. कानाला शंका आली तर माणूस पुढे काय करतोय ते बघा.

“हॅव गॉट” हे नुसतं ‘असणे’ही असतं. “आय’व्ह गॉट टू सिस्टर्स” म्हणजे मला दोन बहिणी आहेत. इथे कुणी काही मिळवलेलं नाही. अमेरिकी माणूस यात आणखी एक पायरी करतो. “आय’व्ह गॉट अ कार” म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. “आय’व्ह गॉटन अ कार” म्हणजे मी गाडी मिळवलीय, घेतलीय. “गॉटन” हे अमेरिकेने नव्याने काढलेलं रूप नव्हे. ते इंग्लंडातलंच जुनं रूप आहे, तिकडून जहाजाने गेलं आणि तिथे टिकलं. इंग्लंडात ते मागे पडलं, पण “फर्गॉटन”मध्ये आणि वाममार्गाने मिळवलेल्या पैशाला म्हणतात त्या “इल-गॉटन”मध्ये अजून जिवंत आहे.

आणि “फर्गेट” या शब्दात ‘गेट’ आहे तो योगायोग नाही. दोघांचं कूळ एकच. ‘गेट’ नॉर्स भाषेतून आला. 9व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसलेल्या व्हायकिंगांची ती भाषा. त्यांच्याकडूनच इंग्रजीला “स्काय”, “एग” आणि “दे” हे रोजचे शब्द मिळाले. “फर्गेट” आधीपासून इंग्रजीत होता. हाती धरलेलं निसटून जाणं, ते विसरणं. हे कळल्यावर मला तो सायकलवाला बाप आठवला. त्याच्या “गॉट”मध्येही धरून ठेवणंच होतं.

मागे लागणारे छोटे शब्द

“गेट अप”, “गेट ओव्हर”, “गेट बाय” ही मंडळी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त घाबरवतात. यांचा अर्थ शब्द फोडून लागत नाही. पण मराठीत प्रत्येकासाठी घरचा शब्द तयार आहे, तो सापडला की परत विसरत नाही.

“वेक अप” म्हणजे जाग येणं आणि “गेट अप” म्हणजे उठणं. आपण हा भेद रोज करतो: जाग सहाला आली, उठले सातला. “गेट अलाँग” म्हणजे पटणं: “दे डोन्ट गेट अलाँग”, त्यांचं पटत नाही. “गेट बाय” म्हणजे भागवणं. दुःखातून “गेट ओव्हर” म्हणजे सावरणं. “गेट डाउन टू वर्क” म्हणजे कामाला लागणं, आणि हे बघा, ‘लागणे’ पुन्हा भेटलं. फोनच्या बाबतीत “आय कुडन्ट गेट थ्रू” म्हणजे फोन लागलाच नाही. “गेट कॅरीड अवे” म्हणजे वाहवत जाणं.

यातल्या दोन जोड्या सापडल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता. पहिली “गेट अवे विथ”. कुणी खोटं बोललं आणि पकडलं गेलं नाही, “ही गॉट अवे विथ इट.” कितीतरी दिवस मी ‘तो त्यातून सुटला’ लिहीत होते. मग एके दिवशी आईच्या तोंडून सहज ऐकलं, ‘त्याला खोटं पचतं.’ पचलं! तेच. दुसरी “गेट अराउंड टू”. काम करायचं मनात असतं पण होत नाही, “आय नेव्हर गॉट अराउंड टू इट.” याला आपण म्हणतो, ‘त्याला मुहूर्तच लागला नाही.’

भावनेच्या भरात ‘गेट’ आणखी लांब जातो. आश्चर्याचा धक्का बसल्यावर मैत्रीण मैत्रिणीला म्हणते, “गेट आउट!” किंवा “गेट आउट ऑफ हिअर!” चेहरा हसरा असेल तर ती हाकलत नसते, ‘काय सांगतेस!’ म्हणत असते. परीक्षेला निघालेल्या मुलाला कुणी म्हणतं, “यू गॉट धिस.” मी लिहिते, ‘जमणार तुला.’ आणि “डोन्ट गेट मी राँग” म्हणजे ‘गैरसमज करून घेऊ नका’. यापुढे ‘पण’ येणार हे ठरलेलंच.

उच्चार

देवनागरीत आपण फाटकालाही ‘गेट’ लिहितो आणि या क्रियापदालाही. लिहिताना भेद दिसत नाही, म्हणून बोलतानाही तो राहत नाही. मराठीत ‘ए’ एकाच लांबीचा आहे, इंग्रजीत दोन वेगळे स्वर आहेत. फाटकाच्या ‘गेट’मध्ये स्वर लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो. क्रियापदात तो तोकडा असतो, तोंड जरा जास्त उघडतं आणि ‘ट’वर पटकन संपतं. आपल्या लिपीत ‘पेन’ म्हणजे लेखणीही आणि वेदनाही, ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षाही आणि चवही, ‘लेट’ म्हणजे ‘करू दे’ही आणि उशिराही. या जोड्या मोठ्याने म्हणा आणि फोनवर स्वतःचा आवाज ऐका. पहिला स्वर तोकडा झाला पाहिजे.

अमेरिकी बोलण्यात दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ पडतो, म्हणून “गेट इट” हे “गेडिट”सारखं ऐकू येतं. तसं बोलायचा अट्टहास नको. ऐकताना ओळखता आलं म्हणजे पुरे.

कुठे टाळावा

अर्जात, कार्यालयीन पत्रात, प्रबंधात ‘गेट’ मोकळाढाकळा वाटतो. तिथे पत्र मिळाल्याला “रिसीव्ह्ड”, परवानगी मिळवल्याला “ऑब्टेन्ड”, होण्याला “बिकम” आणि पोचण्याला “अराइव्ह” बरं दिसतं. पण माझा अनुभव असा की आपली चूक बहुधा उलट दिशेने होते. आपण पुस्तकातून इंग्रजी शिकलो, म्हणून मैत्रिणीशी बोलतानाही “आय रिसीव्ह्ड युवर मेसेज” म्हणतो. ते ऐकायला ‘आपला निरोप प्राप्त झाला’सारखं लागतं. तिथे “गॉट युवर मेसेज” म्हणा. माणसं जवळ येतात त्याने.

वही कशी ठेवायची

रोज एकच वाक्य, पण खरं ऐकलेलं किंवा वाचलेलं. मनाने रचलेलं नको. शेजारी प्रसंग दोन-तीन शब्दांत: कोण, कुणाला, कशावरून. उजव्या पानावर मराठी लिहिताना एकच अट, ‘मिळणे’ हा शब्द अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरायचा. आधी लागणे, होणे, येणे, पोचणे, कळणे, घेणे, आणणे, पटणे, पचणे बसतंय का बघायचं. महिन्याअखेर उजवं पान झाकून डावं वाचायचं, आणि पुढच्या महिन्यात डावं झाकून उजव्यावरून इंग्रजी म्हणायचं. दुसरा प्रकार जास्त अवघड आहे आणि खरं शिकणं तिथेच होतं.

सुरुवातीला माझ्या वहीतली ही पाच वाक्यं घ्या. उत्तरं खाली आहेत, पण आधी ‘गेट’वर बोट ठेवून स्वतः करा.

“इट टुक मी इयर्स टू गेट युज्ड टू लिव्हिंग अलोन.”
“आय गेट दॅट अ लॉट.”
“लेट्स गेट गोइंग.”
“ही इज गेटिंग ऑन माय नर्व्ज.”
“आय’व्ह गॉट यू.”

पहिल्याला मी लिहिलं होतं, ‘एकटं राहायची सवय व्हायला मला कित्येक वर्षं लागली.’ त्यात “टू”नंतर “लिव्ह” आलं नाही, “लिव्हिंग” आलं, तिकडे लक्ष द्या. दुसरं, ‘असं मला बरेच जण म्हणतात.’ तिसरं, ‘चला, निघू या.’ चौथं, ‘तो माझ्या डोक्यात जायला लागलाय.’ पाचवं वाक्य माझ्या वह्यांमध्ये आतापर्यंत सहा ठिकाणी आहे आणि सहाही ठिकाणी मराठी वेगळं आहे. सायकलवर ‘मी धरलंय ना’, फोनवर ‘हं, कळलं तुझं म्हणणं’, आणि परवा एका दृश्यात रुग्णाच्या खाटेशेजारी बसलेल्या बहिणीच्या तोंडी ते आलं, तेव्हा मी लिहिलं, ‘मी आहे इथे.’